शुक्रवारचा वर्ग आणि बुधीबाईंचा दावा

विषय : भिवंडी येथील वाचनालयाच्या माडीवर दर शुक्रवारी भरणाऱ्या वर्गातील काही प्रसंगांची नोंद घेणेबाबत.

संदर्भ : श्रीमती बुधी काळू वाघ यांचा, कसत असलेल्या वनजमिनीच्या पट्ट्यासाठीचा दावा.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, किस्से हे फायलींसारखे साठतात. एक कोणीतरी आणून ठेवतो, तो उचलायचा राहतो, त्यावर दुसरा येऊन बसतो, आणि तळातला ओढायला जावं तर सगळा गठ्ठा अंगावर येतो. चौतीस वर्षं सरकारी कारकुनी केल्यावर मला वाटलं होतं की आता नवा गठ्ठा साठणार नाही. तो साठला, आणि तोही विद्यार्थी म्हणून.

वाचनालयाच्या फळ्यावर सूचना लागली होती : 'स्पेसिफिकेशन लिहायला शिका. फी नाही.' मसुदे लिहिण्यात माझं आयुष्य गेलेलं. म्हटलं, बघू तरी आणखी काय शिकवतात.

शिकवणाऱ्या पाध्ये मॅडम चाळिशीच्या. रेल्वे सिग्नलचे प्रोग्राम लिहिणाऱ्या कंपनीत पंधरा वर्षं काढून, वडिलांच्या आजारपणामुळे भिवंडीला परतलेल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : प्रोग्राम लिहिण्याआधी त्याने काय करायचं हे गणिताच्या भाषेत इतकं काटेकोर लिहा, की त्याचे दोन अर्थ निघूच नयेत. हे झालं स्पेसिफिकेशन. मग तिथून एकेक पायरी खाली उतरत प्रत्यक्ष प्रोग्रामपर्यंत या, आणि प्रत्येक पायरीवर सिद्ध करा की वर दिलेला शब्द खाली मोडलेला नाही. हे रिफाइनमेंट. दिलेला शब्द खालपर्यंत न मोडता पोचवणं ही कल्पना मला नवीन होती.

वर्ग शुक्रवारी, कारण शुक्रवारी गावातले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. इतर सहा दिवस त्या माडीवर बोललेलं ऐकू येत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही अकरा जण होतो. दुसऱ्या शुक्रवारी एकाने विचारलं, याने नोकरी लागते का. मॅडम खोटं बोलत नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी आम्ही तिघं उरलो. एक मी. दुसरे इक्बालभाई, लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणारा माणूस. मालकाने कॉम्प्युटर बसवलेले नवे लूम आणल्यापासून ते चिडलेले असत. तिसरी भागी वाघ. वडप्याच्या एका गोदामात मालाची आवक-जावक कॉम्प्युटरवर चढवते. डोंगराच्या अंगाला असलेल्या पाड्यावरून कॉलेजपर्यंत गेलेली पहिली मुलगी. आता वय तिशीचं. हजेरी पुस्तक ठेवायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं.

•

पहिला धडा रेल्वे फाटकाचा. मॅडम म्हणाल्या, "खारबावच्या बाजूला जाताना फाटक लागतं असं समजा. त्याने काय केलं पाहिजे, ते साध्या मराठीत लिहा. गणित नंतर."

मी दीड पान लिहिलं. 'गाडी येत असल्यास शक्यतो फाटक बंद ठेवण्यात यावे. परिस्थितीनुरूप व सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वमान्यतेने त्यात योग्य तो बदल करता येईल. आवश्यकता भासल्यास...' वगैरे.

मॅडमनी लाल पेन घेतलं. "शक्यतो म्हणजे किती वेळा, काका?" शब्द गेला. "परिस्थिती कोणती?" गेला. "योग्य म्हणजे?" गेला. "आवश्यकता कोणाला भासते?" तोही गेला. दीड पान खोडून झाल्यावर कागद मला परत मिळाला. त्यावर एक शब्द शिल्लक होता : फाटक.

"चांगली सुरुवात आहे," मॅडम म्हणाल्या.

•

त्याच फाटकाचं पुढे असं झालं. सर्वांनी मिळून अखेर एक नियम ठरवला : गाडी फाटकातून जात असताना फाटक उघडं नसलं पाहिजे. मॅडमनी विचारलं, हा नियम कधीच मोडणार नाही असं सर्वांत सोपं फाटक कोणतं?

इक्बालभाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "हमेशा बंद रखो, मॅडम. ताला मार दो."

"अगदी बरोबर. नियम पाळला गेला. कोणी मेलं नाही."

भागी म्हणाली, "मग आम्ही पलीकडे जायचं कसं?"

"ते आपण लिहिलंच नव्हतं. नियम दोन प्रकारचे असतात. एक, वाईट कधी घडू नये. दुसरा, चांगलं घडावं. फक्त पहिल्या प्रकारचे नियम पाळायचे असतील तर काहीच न करणारं यंत्र सर्वांत निर्दोष."

मी वहीत लिहून घेतलं. माझ्या एका वरिष्ठांवर निवृत्तीपर्यंत एकही ठपका नव्हता, त्याचं कारण मला त्या दिवशी गणिताने समजलं.

•

चौथ्या शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, आता खरं काहीतरी घेऊ. फाटक पुरे झालं.

भागीने पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली. तिच्या आईचा, बुधीबाईंचा दावा होता. डोंगरउतारावरची ती जमीन आधी बुधीबाईंची सासू कसत होती, मग त्या. वरी आणि नाचणी. गावच्या समितीने दावा मान्य करून वर पाठवला, त्याला चार वर्षं झाली. पायथ्याला आता गोदामांसाठी सपाटीकरण चाललंय, आणि कापून लोटलेली माती त्यांच्या बांधाला टेकलीय.

"कोणी विचारलं की जमीन कोणाची, तर सांगायला माणसं आहेत," भागी म्हणाली. "कागद नाही. दावा कुठं अडकलाय ते कळलं तरी चालेल मला."

म्हणून ठरलं, अर्ज आत जाऊन निकाल बाहेर येईपर्यंतचं सगळं स्पेसिफिकेशन लिहायचं. कार्यालय कसं चालतं याचा जाणकार म्हणून माझी नेमणूक झाली.

पहिलीच ओळ मी सुचवली : अर्जदाराचं नाव आणि जन्मतारीख मिळून माणूस ओळखावा, दोन माणसांची सारखी नसणार. मॅडमकडे लॅपटॉपवर एक टूल होतं. आपण लिहिलेला नियम खोटा पडेल असं उदाहरण ते शोधून काढतं. त्यांनी ओळ टाइप केली आणि बटण दाबलं. टूल विचार करू लागलं.

भागी म्हणाली, "आमच्या पाड्यावर तीन बुधी आहेत. बुधवारी जन्मली की बुधी. आणि मास्तरांनी शाळेत घालताना सगळ्यांची तारीख एक जून लावलीय."

"तिघींची?" मी विचारलं.

"पाड्याची."

थोड्या वेळाने टूलचंही उत्तर आलं. तेच होतं.

•

मग पुराव्यांची पाळी आली. कायदा दोन पुरावे मागतो. मी अनुभवाने सांगत गेलो आणि मॅडम फळ्यावर पायऱ्या लिहीत गेल्या. कायद्यात दोन पुरावे. वरच्या कार्यालयाच्या पत्रकात त्यांच्या तीन-तीन प्रती. खालच्या कार्यालयात शिवाय नकाशा. टेबलावर त्या नकाशाची प्रमाणित प्रत. खिडकीवर पुन्हा झेरॉक्स, आणि सही करायला पेन आपलं.

मॅडम खडू ठेवून म्हणाल्या, "हे रिफाइनमेंट नाही. वर सांगितलं की दोन कागद आणा, काम होईल. खाली तिसरा मागितला की वरचा शब्द मोडला. खाली उतरताना अट सैल करता येते, घट्ट नाही करता येत. घट्ट करायचं ते आपलं वचन."

मी माझी वही तपासली. "मॅडम, हे मी उलटं तर लिहून घेतलं नाही ना?"

"वहीत बरोबर आहे, काका. नोकरी उलटी केलीत."

•

इक्बालभाई सहसा उशिरा येत, नमाज आणि जेवण उरकून. एका शुक्रवारी ते आले तेच रागात. नव्या लूमला नियम असा, की धागा तुटला की सेन्सरला दिसतं आणि लूम थांबतो. कॉम्प्युटरच्या हिशोबाने महिनाभर एकही धागा तुटला नव्हता. आणि कापड तर फाटक्या जाळीसारखं निघत होतं.

"मॅडम, आपका रूल पास है, कपडा फेल है."

कारण त्यांनीच शोधलं होतं. कारागिराला मजुरी विणलेल्या मीटरवर; लूम थांबला की त्याचं मीटर थांबतं. म्हणून कोणीतरी सेन्सरची पट्टी सुतळीने बांधून टाकली होती. सेन्सरला काही दिसत नव्हतं, आणि जे दिसत नाही ते घडत नाही, अशी कॉम्प्युटरची समजूत.

मॅडम खूश झाल्या. "नियम सेन्सरबद्दल लिहिला ना? लिहायला हवा होता धाग्याबद्दल. धागा बाहेरच्या जगात तुटतो."

मला गप्प बसता आलं असतं. पण जाणकार म्हणून माझी नेमणूक होती, म्हणून सांगितलं. आमच्याकडे महिनाअखेरीला प्रलंबित प्रकरणांचा तक्ता वर जायचा. त्यात एकच प्रश्न : तुमच्या टेबलावर किती फायली? मग अठ्ठावीस तारखेपासून आम्ही फायली 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' पाठवत असू. टेबल रिकामं, तक्त्यात शून्य. ज्या फायलीत त्रुटी नसे, तिच्यात शोधावी लागे. त्या कामात मी वाकबगार होतो. सलग नऊ महिने शून्य प्रलंबित ठेवल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते घरी भिंतीवर आहे.

इक्बालभाई माझ्याकडे वळले. "मतलब सुतली आपने भी बांधी."

"बांधी," मी म्हटलं.

भागीने मान वर केली नाही. ती लिहीत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "काका, 'त्रुटी नसताना परत' अशी वेगळी पायरी घालू ना?"

"घाल."

"किती वेळा परत करता यायचं?"

"मर्यादा नव्हती."

तिने तसं लिहिलं.

•

पुढच्या शुक्रवारी लिखाण पूर्ण झालं. मॅडमनी टूलला पहिला प्रश्न विचारला : अर्ज कुठे अडकतो का? म्हणजे अशी जागा आहे का, की तिथून पुढे पाऊलच नाही?

उत्तर आलं : अशी जागा नाही.

भागीचा चेहरा उतरला. "चार वर्षं अडकलाय, मॅडम. आणि हे म्हणतंय नाही?"

"अडकलेला नाहीये," मॅडम म्हणाल्या. "थांब." त्यांनी दुसरा प्रश्न टाइप केला : निकाल कधीच न लागता अर्ज नुसता फिरत राहू शकतो का? या वेळी टूलने सात पायऱ्यांची यादी दिली, आणि सातव्या पायरीपुढे लिहिलं होतं की इथून पुन्हा दुसरी पायरी.

मी चष्मा लावून वाचली. पहिलं टेबल म्हणतं, मोजणीचा नकाशा जोडून फेरसादर करा. नकाशा मोजणीचं टेबल देतं. मोजणीचं टेबल म्हणतं, दाव्याची प्रमाणित प्रत जोडा. प्रत पहिलं टेबल देतं. आणि पहिलं टेबल प्रत देतं ती फक्त परिपूर्ण दाव्याची, म्हणजे नकाशा जोडलेल्या दाव्याची.

"रुका नहीं है," इक्बालभाई म्हणाले. "चल रहा है. बहुत चल रहा है."

मॅडमनी यादीची प्रिंट काढून भागीला दिली. तिने ती आईच्या फाइलीतल्या कागदांशी ताडून पाहिली. दोन्ही टेबलांच्या पत्रांचा क्रम तोच होता. फेरा पाच वेळा पूर्ण झालेला.

•

ती प्रिंट घेऊन भागी आणि मी पहिलं टेबल असलेल्या कार्यालयात गेलो. टेबलावर एक तरुण कारकून होता. सभ्य. त्याने आम्हांला बसायला सांगितलं, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याने सातही पायऱ्या वाचल्या, बोट ठेवून, दोनदा. "हे कोणी काढलं?"

"मशीनने," भागी म्हणाली.

"बरोबर आहे."

"मग?"

"मग काही नाही, ताई. मी माझ्या नियमाने चालतो. मोजणीवाले त्यांच्या नियमाने चालतात. दोघांचंही काही चुकत नाही." हे त्याने उद्धटपणे म्हटलं नाही. त्यालाही ते बघून जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं. "तुम्ही असं करा, हेच सगळं अर्जात लिहून द्या. मी साहेबांपुढे ठेवतो."

बाहेरच्या बाकावर बसून मी अर्ज लिहिला. जन्मात पहिल्यांदा 'शक्यतो' न घालता. कोणतं टेबल, कोणता कागद, कोणत्या क्रमाने, आणि कोणती एक अट काढली की फेरा तुटतो. अकरा ओळी. मॅडमनी एकही शब्द खोडला नसता.

कारकुनाने वाचला आणि म्हणाला, "शेवटी 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती' हे राहिलं."

"त्याला काही अर्थ नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे, साहेब. पण त्याशिवाय आवक नोंद करत नाहीत."

ती ओळ मी आयुष्यात किती हजार वेळा लिहिली असेल, देव जाणे. त्या दिवशी बाराव्या ओळीसाठी पेन पुन्हा उघडलं. मग लिहिली. शिक्का बसला.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन बरोबर भाग जोडून चुकीची वस्तू कशी होते, हे शिकवायला मी पुढचे दोन शुक्रवार ठेवले होते. आता नकोत."

•

फेरा तोडल्यावर काय होईल तेही आम्ही लिहून काढलं. ती एक अट आणि 'त्रुटी नसताना परत' ही पायरी वगळली, आणि नियमांचं एक पानी स्पेसिफिकेशन तयार केलं. टूलने सगळे नियम तपासले. एकही खोटा पडला नाही. इक्बालभाईंनी पेढे आणले.

मॅडम म्हणाल्या, "अजून एक काम आहे. आपण बरोबर लिहिलं हे मशीन सांगतं. जे हवं होतं तेच लिहिलं का, हे मशीन सांगू शकत नाही. ज्याच्यासाठी लिहिलं त्याला वाचून दाखवायचं."

म्हणून पुढच्या शुक्रवारी बुधीबाई आल्या. साठीच्या, बारीक, ताठ. त्या दिवशी उतारावर निंदणी होती, ती शेजारणीवर सोपवून आल्या होत्या. पहिल्या बाकावर बसल्या. तिथे आमच्यापैकी कोणी कधी बसत नाही. माडीच्या खिडकीतून खाली बंद कारखान्यांची रांग दिसते, ती त्यांनी बघून घेतली.

मॅडम एकेक नियम साध्या मराठीत वाचू लागल्या. एका दाव्याला एकच क्रमांक, तो कधी बदलणार नाही.

"ब्येस," बुधीबाई म्हणाल्या.

कायद्यात आहेत त्यापेक्षा जास्त पुरावे कोणत्याही टेबलाला मागता येणार नाहीत.

"हां."

नाकारला तर कारण लेखी द्यावं लागेल.

"त्ये तर द्येयालाच पायजे. न्हाय म्हणा, पन तोंडावर म्हणा."

शेवटचा नियम मॅडमनी जरा सावकाश वाचला. सगळ्यांत जास्त कष्ट त्यावर गेले होते. त्यातल्या 'कधीतरी' या शब्दासाठी गणितात एक छोटा चौकोन काढतात, टोकावर उभा केलेला; तो फळ्यावर होता. "प्रत्येक दाव्याचा कधीतरी निकाल लागेलच. हे आम्ही सिद्ध केलंय, आजी."

बुधीबाई भागीकडे वळल्या. "कवातरी?"

"हां, आये. कवातरी लागलंच. मशीननं तपासलंय. एक बी वाट अशी न्हाय का ज्यात निकाल लागत न्हाय."

"मी हाय तवर, का मंग?"

भागीने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी फळ्याकडे पाहिलं.

"ते यात लिहिलेलं नाही, आजी," मॅडम म्हणाल्या.

"मंग लिवा."

मॅडमनी खडू उचलला. मी हजेरी पुस्तकात बुधीबाईंचं नाव लिहिलं. त्यांनी विचारलं, आमचं हे वाचन किती वाजता सुटतं. निंदणी अर्धी राहिली होती.

•

सबब माहितीस्तव सादर. बारा ओळींचा अर्ज आवक क्रमांकासह साहेबांपुढे ठेवण्यात आला असल्याचे समजते. मोजणीच्या टेबलाकडून गेल्या आठवड्यात पत्र आले. त्यात दाव्याची प्रमाणित प्रत मागितली आहे. सपाटीकरणाची माती बांधावरून दोन हात आत आली आहे. श्रीमती बुधी काळू वाघ यांचा दावा आजरोजी प्रलंबित आहे.